पहिलं इलेक्ट्रॉनिक ड्रम किट घेताना काय बघावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, चौदा वर्षांच्या मुलीला ड्रम शिकायचे आहेत, पन्नास हजारांपर्यंत तयारी आहे. एका किटमध्ये २०० आवाज, दुसऱ्यात ४००. मग जास्तवालं घ्यावं का?

आवाजांचा आकडा सगळ्यात शेवटी बघा. शिकणारी मुलगी वर्षभर त्यातले एकदोनच संच वापरणार. पुढे कंटाळा आला तर यूएसबी केबलने लॅपटॉप जोडून हवे ते आवाज वाजवता येतात. पायाखालचं यंत्र मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरने बदलत नाही. म्हणून किट खालून वर बघत जा.

किकचे, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचे, दोन प्रकार मिळतात. एकात उभा छोटा पॅड (ठोका ओळखणारी गादी) असतो, त्याला किक टॉवर म्हणतात, आणि खरं पेडल बीटरने, म्हणजे दांडीच्या टोकावरच्या गोळ्याने, त्यावर आदळतं. दुसऱ्यात बीटरच नसतो. पेडलच्या आत सेन्सर असतो. यामाहाच्या डीटीएक्स ४०२के मध्ये हा बिनबीटरचा प्रकार येतो, तर त्याच मालिकेतल्या ४५२के मध्ये किक पॅड आणि खरं पेडल. अलेसिसच्या नायट्रो मेश आणि नायट्रो मॅक्समध्येही टॉवर आहे. बिनबीटरचं पेडल शांत असतं, पण बीटर आदळून परत येतो तो धक्का पायाला कळत नाही. लागोपाठ दोन ठोके मारायचं तंत्र त्या धक्क्यावरच उभं असतं, आणि पुढे डबल पेडल लावायची सोयही तिथे राहत नाही. माझा कौल टॉवरला. खालच्या शेजाऱ्यांचं काय ते पुढे सांगतो.

हाय-हॅटची, म्हणजे डाव्या पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीची, परीक्षा दुकानातच घ्या. उजव्या हाताने पॅडवर एकसारखे ठोके मारत राहा आणि डावा पाय अगदी सावकाश खाली न्या. 'त्स्स्स'पासून 'चिक्'पर्यंत आवाज पायरीपायरीने मिटत गेला पाहिजे. उघडं आणि बंद अशा दोनच अवस्था ऐकू आल्या तर ते किट सोडा. मग पॅडला हात न लावता नुसतं पेडल दाबा; 'चिक्' यायला हवं.

स्नेअर (दोन गुडघ्यांमधला मुख्य ड्रम) जाळीचा, म्हणजे मेशचा, आणि दोन झोनचा असावा: मध्ये एक आवाज, कडेला रिमचा वेगळा. नायट्रो मेशचा स्नेअर ८ इंची आहे, मॅक्सचा १० इंची. आठ इंचावर रिमशॉट (जाळी आणि कड एकदम) मारताना नवशिक्याची काठी चुकते, त्यामुळे हे दोन इंच मोलाचे. रबरी पॅडही शिकायला चालतो, मात्र खोलीत त्याची टकटक जास्त ऐकू येते. स्नेअरवर अगदी हलके ठोके मारून बघा. एखादा गिळला जात असेल तर सेन्सिटिव्हिटी वाढवायला सांगा; एका ठोक्याला दोन आवाज येत असतील तर रीट्रिगरची सेटिंग बदलायला सांगा. टॉम (स्नेअरखेरीजचे छोटे ड्रम) जोरात मारल्यावर क्रॅश (जोराच्या ठोक्याची झांज) आपोआप वाजला तर तो क्रॉसटॉक. रॅकच्या नळीतून कंप पलीकडे जातो. क्लॅम्प घट्ट करून आणि मोड्यूलमधली (आवाज काढणाऱ्या मुख्य डब्यातली) सेटिंग बदलून बहुतेक वेळा तो जातो. टॉम तीन, क्रॅश एक, राइड (ताल धरायची झांज) एक एवढं पुरे. क्रॅश मारून कड चिमटीत धरली की आवाज तुटायला हवा.

आता शेजारी. हेडफोन लावला की ड्रम शांत झाले असं विक्रेते सांगतात, ते अर्धंच खरं. खालच्या घरात त्रास होतो तो किकच्या धक्क्याचा. तो हवेतून नव्हे, स्लॅबमधून जातो. नुसत्या गालिच्याने त्यात फारसा फरक पडत नाही. टेनिस बॉलचा प्लॅटफॉर्म करा: १८ मिमी प्लायच्या ५ बाय ४ फुटी दोन फळ्या आणि २४ चेंडू, सहाच्या चार ओळींत. खालच्या फळीला ५० मिमीची भोकं पाडली की प्रत्येक चेंडू साधारण ११-१२ मिमी आत बसतो आणि घरंगळत नाही. वरची फळी नुसती ठेवायची. खिळा किंवा स्क्रू मारून दोन्ही जोडल्या तर कंप तिथूनच खाली उतरतो. भिंतीपासूनही दोनेक इंच लांब. चेंडू सगळे एकाच प्रकारचे आणि नवे घ्या, नाहीतर फळी कलते. गल्ली क्रिकेटचा हेवी टेनिस बॉल नको, तो कडक असतो. वर जाजम टाका म्हणजे पेडल सरकणार नाही. एवढं करूनही रात्री दहानंतर वाजवू नका.

पन्नासपैकी आठदहा हजार बाजूला ठेवा, कारण बसायचं थ्रोन आणि हेडफोन बहुधा वेगळे घ्यावे लागतात, काही किटमध्ये पेडलही. थ्रोनची उंची बदलता आली पाहिजे; मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती हवी. हातांची प्लॅस्टिक खुर्ची बिलकूल नको, कोपर अडतात. हेडफोन कान पूर्ण झाकणारा आणि वायरचाच. साध्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा पोचतो. १२० च्या लयीत एका मात्रेचे ५०० मिलिसेकंद, म्हणजे पाव मात्रा १२५ची. ठोका अख्खी पाव मात्रा मागे ऐकू आला तर वाजवणार कसं? काही मोड्यूलवर ब्लूटूथ असतं ते फोनमधलं गाणं आत घ्यायला.

ऑक्टापॅड घ्यावा का, असंही तुम्ही विचारलंय. ऑर्केस्ट्रात नि बेंजो पार्टीत त्याला तोड नाही. पण तो हाताने काठ्यांनी वाजवायचा. पायाची पेडलं वेगळी जोडावी लागतात, आणि आठही पॅड एकाच पाटीवर असल्याने किटसारखी हातांची फिरत बसत नाही. मुलीला ड्रम किटच शिकायचं असेल तर ऑक्टापॅड नंतर.

जुनं किट मिळत असेल तर मोड्यूलचा मूळ अडॅप्टर सोबत आहे का ते आधी विचारा. चुकीच्या व्होल्टेजचा किंवा उलट पोलॅरिटीचा लावला तर मोड्यूल जळू शकतं. प्रत्येक पॅडची केबल मुळाशी हलवून बघा, आवाज तुटतो का. जाळीखालचा फोमचा शंकू दबलेला असेल तर मधला ठोका क्षीण येतो किंवा एकदम फटकन वाजतो. शंकू बदलता येतो, पण तेवढी किंमत पाडून मागा. जाळी ताणताना ड्रम की नावाच्या छोट्या किल्लीने समोरासमोरचे स्क्रू पाव-पाव वळसा फिरवायचे. ढिली ठेवली तर काठी थेट शंकूवर बसते, फार ताणली तर काठी नको तेवढी उसळते. काठ्या ५ए मापाच्या, नायलॉन टोकाच्या घ्या. लाकडी टोकाची कपची निघाली की जाळीचे धागे तुटतात.