अपारंपरिक नव्हे, विजोड

प्रश्न असा आला आहे: ‘एका लेखात “अपारंपरिक अतिवाहकता” आणि “विदेशी क्वांटम अवस्था” असे शब्द वाचले. अपारंपरिक म्हणजे सौर ऊर्जेसारखी नवी, आधुनिक असं समजायचं का? आणि अतिवाहक बरोबर की अतिसंवाहक?’

आधी एवढं सांगतो: अतिवाहकता म्हणजे काही पदार्थ पुरेसे गार केले की त्यांचा विजेला होणारा रोध पूर्ण नाहीसा होणं. आता ‘विदेशी’ निकालात काढू. हा यंत्रानं केलेल्या भाषांतराचा प्रताप दिसतो. ‘एक्झॉटिक’च्या मुळाशी ग्रीक ‘एक्सो’, म्हणजे बाहेर, हे खरं; पण क्वांटम अवस्थेला पासपोर्ट लागत नाही. ‘विलक्षण अवस्था’ म्हणा आणि पुढे चला.

‘अति’बद्दलही एक खटकणारी गोष्ट. अतिवाहक म्हणजे ‘खूपच चांगला वाहक’ हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालायचाही कंटाळा येतो. चांदी, तांबं, सोनं हे सगळ्यांत चांगले वाहक, आणि नेहमीच्या दाबाखाली ते कितीही गार केले तरी अतिवाहक झालेले कुणी पाहिलेले नाहीत. पारा आणि शिसं वाहक म्हणून सुमार. पण १९११ च्या एप्रिलमध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला भौतिकशास्त्रज्ञ कामरलिंग ओनेसच्या प्रयोगशाळेत ४.२ केल्विनच्या (शून्याखाली सुमारे २६९ अंश सेल्सियसच्या) आसपास एकाएकी रोध नाहीसा झाला तो पाऱ्याचाच. हा ‘अति’ ‘अतिगोड’मधला नाही, ‘अतींद्रिय’ आणि ‘अतिक्रमण’मधला आहे. हद्द ओलांडलेला.

आता ‘अपारंपरिक’. सरकारी फलकांवर ‘अपारंपरिक ऊर्जा’ वाचून वाचून आपल्या डोक्यात अपारंपरिक म्हणजे नवं, असं समीकरण बसलं आहे. ‘परंपरा’ हा शब्द ‘परम्’ आणि ‘पर’ मिळून झाला: एकामागून एक. पाणिनीकडे ‘परंपर’वरून ‘परंपरीण’ साधणारं सूत्र आहे, आणि तिथे शेजारी पुत्रपौत्र उभे आहेत! म्हणजे परंपरेला पिढ्या लागतात, काळ लागतो. आता तारखा बघा. अतिवाहकता का होते हे सांगणारा बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांचा सिद्धांत १९५७ चा. त्यात न बसणारा पहिला ठळक पदार्थ, सेरियम, तांबं आणि सिलिकॉन यांचा, फ्रांक श्टेग्लिश आणि सहकाऱ्यांनी जर्मनीत दाखवला १९७९ मध्ये. मधे बावीस वर्षं. बावीस वर्षांत कसली आली परंपरा? उलट मॅग्नेशियम डायबोराइड अतिवाहक होतं हे कळलं २००१ मध्ये, आणि ते मात्र ‘पारंपरिक’ गटात, म्हणजे १९५७ च्या सिद्धांतात बसणारं. नव्याजुन्याचा इथे काडीचाही संबंध नाही.

मग इंग्रजी ‘अनकन्व्हेन्शनल’ म्हणजे काय? इथे मला खरी मजा येते. ‘कन्व्हेन्शन’ लॅटिन ‘कोन्वेनिरे’वरून: ‘कोन’ म्हणजे एकत्र, ‘वेनिरे’ म्हणजे येणं. या ‘वेनिरे’चं मूळ आणि आपल्या ‘गम्’ धातूचं मूळ एकच. विश्वास बसत नसेल तर आपला ‘जीव’ आणि लॅटिन ‘विवुस’ (जिवंत) शेजारी ठेवा: मूळ भाषेतला ओठ गोल करून म्हटलेला ‘ग’ लॅटिनमध्ये ‘व’ झाला, आपल्याकडे कुठे ‘ग’ राहिला, कुठे ‘ज’ झाला. इंग्रजी ‘कम’ हाही याच घरातला. तेव्हा ‘कन्व्हेन्शन’चा हाडामांसाचा संस्कृत जोडीदार ‘परंपरा’ नाही, ‘संगम’ आहे. (‘कोन’ आणि ‘सम्’ हेही सख्खे भाऊ, असं काही हौशी मंडळी ठोकून देतात. नाहीत. काम एकच करतात, एवढंच.) एकत्र येण्यातून संमती, संमतीतून संकेत, संकेतातून शिरस्ता, असा अर्थ सरकत गेला. परिभाषा ठरवणाऱ्यांनी शेवटची पायरी तेवढी पाहिली, ‘परंपरा’ चिकटवली आणि चहा घेतला.

आणि गंमत बघा, अतिवाहकतेत सगळा मामला एकत्र येण्याचाच आहे. इलेक्ट्रॉन दोघादोघांनी जोडी करतात. तिला कूपर-जोडी म्हणतात. शिरस्त्याच्या प्रकारात जोडी लावून देतात स्फटिकाच्या जाळीतली कंपनं. एक इलेक्ट्रॉन जाताजाता धन आयनांना किंचित ओढून घेतो, त्या ओढीत दुसरा सापडतो. क्वांटमच्या हिशेबात या जोडीला एक तरंग असतो; त्याचं चिन्ह, म्हणजे धन की ऋण, सगळ्या दिशांना सारखंच असतं.

शिरस्ता मोडणाऱ्या पदार्थांत मध्यस्थ हा नसतो. ताम्र-ऑक्साइडांमध्ये इलेक्ट्रॉनांचं एकमेकांशी इतकं वाकडं असतं की साध्या पट्टा-सिद्धांताच्या (इलेक्ट्रॉन एकमेकांना अडवत नाहीत असं धरणाऱ्या) हिशेबानं जो धातू असायला हवा तो लॅन्थनम-तांबं-ऑक्साइड प्रत्यक्षात निरोधक निघतो: तांब्याच्या एका अणूवर दोन इलेक्ट्रॉन बसायलाच तयार नसतात. ‘सहसंबद्ध पदार्थ’ म्हणतात ते हेच. त्यात थोडं बेरियम मिसळून झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्ट्झ आणि म्युलर यांनी १९८६ मध्ये ३० केल्विनच्या वर अतिवाहकता गाठली, आणि पुढच्याच वर्षी नोबेल. एवढं वैर असताना जोडी जमते कशी? एकमेकांना टाळत जमते. त्या जोडीच्या तरंगाला चार पाकळ्या असतात: दोन धन, दोन ऋण, आणि पाकळ्यांमधल्या रेषांवर शून्य. दोघं एकाच जागी सापडण्याची वेळच येत नाही. जोडी कशामुळे लागते यावर अजून हाणामारी आहे. चुंबकीय चढउतारांचा पक्ष बलवान आहे.

पाकळ्यांचा पुरावा फार देखणा आहे. १९९४ मध्ये त्सुई, कर्टली आणि सहकाऱ्यांनी यिट्रियम-बेरियम-तांबं-ऑक्साइडची पातळ फिल्म अशा पायावर चढवली की तीन वेगवेगळ्या दिशांना वळलेले स्फटिक एका बिंदूत मिळतील. त्या बिंदूभोवती सूक्ष्म कडं कोरलं. चिन्ह सगळीकडे सारखं असतं तर कड्यात काहीच अडकलं नसतं. पण चिन्ह उलटं होत असल्यानं कड्याला हिशेब जुळवायला, अतिवाहक कड्यात चुंबकीय प्रवाह ज्या ठराविक एककानं मोजून अडकतो त्याचा नेमका अर्धा भाग आपोआप निर्माण करावा लागला. तो अर्धा मोजता आला.

म्हणून माझा शब्द: ‘विजोड’. विजोड अतिवाहकता. मराठीत विजोड जोडपं म्हणतात तेव्हा लग्न झालेलं नाही असं कुणी म्हणत नाही; लग्न झालेलंच असतं, पण पत्रिकेच्या कोणत्याच गणितात बसत नाही. आता आक्षेप येईल, येतोच, की ‘विजोड’ घरगुती आहे, शास्त्रीय वाटत नाही. शास्त्रीय वाटावं म्हणून चुकीचा शब्द घ्यायचा, हा कुठला न्याय? दुसरा आक्षेप जरा बरा आहे: सरळ ‘उच्च-तापमान अतिवाहकता’ का म्हणू नये? कारण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हायड्रोजन आणि गंधकाचं एक संयुग सुमारे पंधरा लाख वातावरणांच्या दाबाखाली २०३ केल्विनला अतिवाहक होतं हे २०१५ मध्ये दिसलं, आणि ते शिरस्त्याचंच मानतात. जोडी कंपनांनीच लावलेली. श्टेग्लिशचा पदार्थ एका केल्विनच्याही खाली, आणि विजोड. तापमानावरून कुंडली ठरत नाही.

मधल्या प्रकरणांना मात्र माझाही शब्द अपुरा पडतो, हे मान्य. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुद्ध बिस्मथचा स्फटिक अर्ध्या मिलिकेल्विनच्या (मिलिकेल्विन म्हणजे केल्विनचा हजारावा भाग) जवळ नेला, तेव्हा तो ०.५३ मिलिकेल्विनला अतिवाहक झाला. २०१६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. बिस्मथमध्ये साधारण लाख अणूंमागे एक मोकळा इलेक्ट्रॉन. इतक्या विरळ वस्तीत जोडी जुळावी हे १९५७ च्या सिद्धांताच्या गृहीतकांत बसत नाही. पण म्हणून तरंगाला पाकळ्या आहेत असंही सिद्ध होत नाही. स्ट्रॉन्शियम रुथेनेटची (स्ट्रॉन्शियम, रुथेनियम आणि ऑक्सिजन यांच्या संयुगाची) कथा याहून अवघड: ते अतिवाहक होतं हे १९९४ मध्ये कळलं, पुढे अनेक वर्षं त्याच्या जोडीतले फिरकी-चुंबक (इलेक्ट्रॉनांच्या ‘स्पिन’मुळे असलेले इवलेसे चुंबक) समांतर असावेत असं बहुतेकांनी धरलं होतं, आणि २०१९ च्या मोजमापांनी ते चित्र उलटवलं. विजोड आहे, कसा विजोड, यावर भांडणं चालू आहेत.

राहिलं अतिवाहक की अतिसंवाहक. लिहितात दोन्ही. हिंदीतला ‘अतिचालक’ तेवढा आणू नका. एसटीत बसणाऱ्या माणसाला चालक म्हणजे ड्रायव्हर आणि वाहक म्हणजे कंडक्टर हे सांगावं लागत नाही. ‘अतिसंवाहक’वर माझा राग वेगळ्या कारणानं. संस्कृतात ‘संवाहन’ म्हणजे अंग चेपणं, रगडणं. ‘मृच्छकटिक’ नाटकातला संवाहक हा मालिशवाला आहे, जो पुढे जुगारी होतो आणि शेवटी भिक्षू. मी ‘अतिवाहक’ लिहितो.