लॉटरी लागली, पण पैसे कमी का आले?

प्रश्न : कर्नाटकातल्या खानापूरहून लिहितोय. सासुरवाडी महाराष्ट्रात चंदगडला, तिथं घेतलेल्या तिकिटाला ५ लाख लागले, पण हातात साडेतीन लाखच आले. माझी शेती आणि थोडी पेन्शन, एरवी टॅक्स लागतच नाही, मग दीड लाख परत मिळतील ना?

उत्तर : आधी अभिनंदन! पण रिफंडची आशा सोडा भाऊ. लॉटरीच्या रकमेवर सरळ ३० टक्के टॅक्स आहे, तुमचं बाकीचं उत्पन्न कितीही कमी असू दे, स्लॅब नाही की सूट नाही, अगदी तिकिटाचे पैसेसुद्धा वजा करता येत नाहीत. (वर्षानुवर्षं तिकिटं घेणाऱ्याला हे फारच झोंबतं.) बक्षीस १० हजारांच्या वर गेलं की देणाराच टीडीएस (म्हणजे पैसे देण्याआधीच टॅक्स) कापतो, तेच तुमचे दीड लाख. वर त्या टॅक्सवर ४ टक्के सेस (उपकर) असतो तो टीडीएसमध्ये धरलेला नसतो, म्हणजे आणखी ६ हजार तुम्हालाच भरायचेत.

रिटर्न भरावाच लागेल, आणि सोपा वाला फॉर्म आयटीआर-१ चालणार नाही, साधारण आयटीआर-२ लागतो. त्यात साडेतीन नाही, पूर्ण ५ लाख दाखवायचे, आणि कापलेला टॅक्स २६एएसमध्ये (तुमच्या नावे जमा टॅक्सचा उतारा) तुमच्याच पॅनवर आलाय का ते आधी बघा.

कर्नाटकात २००७ पासून लॉटरी विक्री बंद आहे म्हणून लोक घाबरून लपवतात, तसलं काही करू नका. टॅक्स केंद्राचा आहे, चंदगडचं तिकीट असो नाहीतर केरळचं, हिशेब तोच.