निळ्या पुरचुंडीतले फासे

"घरी खरे सांगितले तर मला वेड्यात काढतील," माझ्याकडे सल्ल्यासाठी आल्यावर हे त्याचे पहिले वाक्य होते. ठाण्यात नौपाड्याला राहणारा, ऐरोलीत नोकरी करणारा हा तरुण (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत) दर शनिवारी नेरूळला मित्राच्या घरी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा पात्रे होऊन गोष्ट रचण्याचा, फाशांचा खेळ खेळायला जात असे आणि घरी मात्र ऑफिसचे काम असल्याचे सांगत असे. दोन वर्षे हे निभावले. मग कपाट आवरताना आईला निळ्या पुरचुंडीत बांधलेले सात फासे सापडले. आपल्याकडे फासे म्हटले की शकुनी आठवतो. मुलगा जुगाराच्या नादी लागला, असे त्या माउलीला वाटले, आणि खोटा ओव्हरटाइमही त्याच सुमारास उघडकीला आल्यामुळे तिला दोष देणे मलाही जमले नाही.

१९७४ साली अमेरिकेत आलेल्या या खेळावर तिथे १९८० च्या दशकात काही धार्मिक गटांनी सैतानपूजेचा आरोप केला होता. त्याने त्याविषयी बरेच वाचले होते आणि त्याचे खंडनही तयार ठेवले होते. पण नौपाड्यातल्या त्या घरात सैतानाचे नावही कोणी काढलेले नव्हते. तिथले प्रश्न साधे होते: यात पैसे लावतात का, तिथे कोण कोण असते, आणि लग्नाच्या वयात हा पोरखेळ कशासाठी?

मी त्याला म्हटले, "मी तुझी आई आहे असे समज आणि सांग." पहिल्या खेपेस तो बारा मिनिटे बोलला, त्यात मंत्र होते, राक्षसांच्या जाती होत्या, नियमांचे तीन ग्रंथ होते. मी थांबवले. चौथ्या खेपेस त्याला हे सुचले: "आई, आम्ही पाच जण बसून एक गोष्ट रचतो. एक जण सूत्रधार असतो, बाकीचे एकेक पात्र होतात. पात्राने उडी मारली, तर ती साधली की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. पैसे लावत नाही. मी तुझ्याशी खोटे बोललो, ते चुकले." शेवटचे वाक्य सर्वांत आधी यावे, एवढाच बदल मी सुचवला.

माझा दुसरा सल्ला मात्र फसला. वडिलांना एकदा खेळ पाहायला न्यावे, असे मी म्हटले होते. ते गेले, तासाभरात कंटाळले आणि "तुम्ही नुसते बोलताच की" असे म्हणून परतले. समोरच्याला आपला छंद आवडलाच पाहिजे, ही अपेक्षा मी नकळत त्याच्या गळी उतरवली होती. संशय फिटला, इतके पुरेसे होते. ऑफिसात सर्वांना सांगण्याचीही काही गरज नव्हती. खोटे न बोलणे आणि दवंडी पिटणे यांत बरेच अंतर असते.

पुढे स्थळ पाहताना दुसऱ्याच भेटीत त्याने मुलीला हे सांगितले. तिने खर्च किती आणि वेळ किती, एवढेच विचारले. ते स्थळ जुळले नाही, पण कारण तिच्या बदलीचे होते. फासे आता बैठकीच्या खोलीतल्या फडताळात असतात, आणि शनिवारी निघताना तो नेरूळच्या मित्राचा फोन नंबर आईजवळ ठेवून जातो.