लंडनहून दोन दिवसांत ब्लायनॅव्हन: फक्त खाण बघून परतावं, की आसपासही काही आहे?

तुम्ही विचारलंय म्हणून सांगतो. सत्तरीतल्या आईबाबांना घेऊन वेल्समधल्या ब्लायनॅव्हन गावच्या बिग पिट या जुन्या कोळसा खाणीला अर्धा दिवस द्यावा आणि पुढे वेल्सची राजधानी कार्डिफ गाठावं, असा तुमचा बेत दिसतो. मी तुमच्या जागी असतो तर कार्डिफ वगळून दोन्ही दिवस इथेच घालवले असते. मी मूळचा बल्लारपूरचा. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीच्या) खदानी आणि त्यांचे मातीचे ढिगारे बघतच मोठा झालो, त्यामुळे मत थोडं एकांगी असेल, एवढं धरून चाला.

सुरुवात बिग पिटपासूनच करा. ही खाण 1980 मध्ये बंद पडली आणि 1983 पासून लोकांना बघायला खुली झाली. संग्रहालयात प्रवेश मोफत आहे. भूमिगत फेरीचे नियम आणि वेळा मात्र निघण्याआधी त्यांच्या वेबसाइटवर बघून घ्या. पिंजऱ्यातून 90 मीटर खाली नेतात, आणि सोबत असतात ते पूर्वी खाणीत राबलेले लोक. पाठ केलेली माहिती घडाघडा म्हणणाऱ्या गाइडांची सवय असेल तर इथे सुखद धक्का बसेल. हे थट्टा करत बोलतात. फोन, घड्याळ, लायटर, बॅटरीवर चालणारं काहीही वरच ठेवावं लागतं, कारण मिथेन वायूला एक ठिणगी पुरते. म्हणजे खाली फोटो नाहीत. डोक्यावर हेल्मेट-दिवा, कमरेला बॅटरी. एका ठिकाणी सगळे दिवे विझवायला सांगतात. हवा खेळती ठेवणारी दारं उघडायला-लावायला पूर्वी लहान पोरं अशाच काळोखात बसून असायची. 1842 च्या कायद्याने दहा वर्षांखालच्या मुलांना आणि सर्व स्त्रियांना खाणीखाली काम करायला बंदी केली. कोळशाच्या गाड्या ओढणाऱ्या घोड्यांचे तबेलेही तिथेच खाली आहेत.

आईबाबांचे गुडघे किंवा कंबर कुरकुरत असेल तर विचार करा: जमीन ओबडधोबड आहे, छत काही ठिकाणी इतकं खाली येतं की वाकून चालावं लागतं. त्यांना वर थांबायचं असेल तर 1939 ची कामगारांची न्हाणीघरं दाखवा. तोवर माणूस काळाकुट्ट होऊनच घरी जायचा आणि अंघोळीचं पाणी तापवायचं काम बायकोच्या गळ्यात.

आता आसपासचं. लोहखनिज, चुनखडी आणि कोळसा, तिन्ही एकाच डोंगराच्या कुशीत सापडले म्हणून हे गाव वसलं. 1789 मध्ये सुरू झालेल्या लोखंडाच्या कारखान्याचे अवशेष गावातच आहेत. तिथला 1839 चा पाण्याच्या वजनावर चालणारा मनोरा जरूर बघा: वरच्या टाकीत पाणी भरलं की ती खाली येते आणि तिच्या वजनाने दुसऱ्या बाजूच्या वाघिणी वर चढतात. ना वाफ, ना इंजिन. युनेस्कोने 2000 मध्ये या सगळ्या परिसरालाच जागतिक वारसा ठरवलं, कारण खाण, कारखाना, रुळांचे मार्ग, कालवा अशी साखळी सलग दिसते. डोंगरावर फिरताना जे हिरवे उंचवटे निसर्गरम्य वाटतात, त्यातले बरेचसे खाणीतला टाकाऊ दगड आणि भट्टीची मळी यांचे ढीग आहेत. वर गवत उगवलंय, मेंढ्या चरतायत. आमच्याकडचे ढिगारे असे व्हायला किती वर्षं लागतील कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी ब्लॉरेंज डोंगर. उंची 561 मीटर, पण घाबरू नका, गाडी बरीच वर जाते. वाहनतळाजवळच फॉक्सहंटर नावाच्या, अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या स्पर्धांत उतरणाऱ्या घोड्याचं स्मारक आहे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्रिटनला मिळालेलं एकमेव सुवर्णपदक त्याच्या संघाचं. तिथून माथ्यापर्यंतची वाट बऱ्यापैकी सपाट आहे, आणि पलीकडे अस्क नदीचं खोरं उघडतं. ऑगस्टमध्ये हीदरच्या फुलांनी डोंगर जांभळा होतो. वारा मात्र बाराही महिने कान धरतो, तेव्हा आईंची शाल-टोपी गाडीत ठेवू नका. चढ नको असेल तर रस्त्यालगतच कीपर्स पाँड हे तळं आहे. संध्याकाळी मॉनमथशर-ब्रेकन कालव्याच्या काठाने सावलीतून चाला. इथलं लोखंड याच कालव्याने बंदराकडे जायचं.

मुक्काम जवळच्या ॲबरगॅव्हेनी गावात करा. ब्लायनॅव्हन छोटं आहे, संध्याकाळी खाण्याचे पर्याय फार नाहीत, आणि शाकाहारी असाल तर आणखीच कमी. ॲबरगॅव्हेनीला रेल्वे स्टेशन आहे. ब्लायनॅव्हनला हौशी मंडळींनी चालवलेली जुनी रेल्वेगाडी आहे, पण ती मुख्य मार्गाला जोडलेली नाही. न्यूपोर्टहून बसने येता येतं, तरी डोंगरासाठी गाडी भाड्याने घेतलेली बरी.