अमेरिकेत पूर्वेकडे गाड्या अजिबात नसलेला, नदीकाठचा ग्रॅव्हल सायकल रूट कुठला? मी व्हर्जिनियात राहतो, पुण्याहून साठीतले बाबा येतायत, हायब्रिड सायकली आहेत, चार दिवस आहेत

ग्रेट अलेगेनी पॅसेज. दुसरं काही शोधत बसू नका. मी पिट्सबर्गला राहतो आणि उन्हाळ्यात जमेल तेव्हा या ट्रेलवर असतो, त्यामुळे थोडा पक्षपाती आहे हे मान्य, पण तुम्ही ज्या अटी घातल्यात त्या सगळ्याच्या सगळ्या पूर्ण करणारा दुसरा रूट तुमच्या जवळपास नाहीये.

पिट्सबर्ग ते मेरीलँडमधलं कंबरलंड, १५० मैल म्हणजे साधारण २४० किमी. पूर्वी इथून रेल्वे जायची, रूळ काढून त्याजागी ट्रेल केलाय. ओहायोपाइल गावाजवळचा पहिला तुकडा १९८६ मध्ये सुरू झाला आणि पिट्सबर्गच्या बाजूचं शेवटचं टोक जोडलं गेलं २०१३ मध्ये, म्हणजे काम पावशतकापेक्षा जास्त चाललं. मोटार, बाईक काही नाही. मधेमधे गावातले रस्ते क्रॉस करावे लागतात तेवढंच.

आता बाबांचा मुद्दा, कारण माझ्या मते तोच महत्त्वाचा आहे. पुण्यात सायकल चालवणाऱ्या माणसाला चढ म्हटलं की घाटच आठवतो, आणि इथे तर नकाशात अलेगेनी पर्वत दिसतोय. पण रेल्वेच्या इंजिनाला चढ झेपत नाही ना, म्हणून रूळ टाकणाऱ्यांनी नदीचा हात धरला आणि नदी वळेल तसे वळत वर नेले. आपला कर्जत-लोणावळा बोरघाट ३७ ला १ आहे (३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर), गाडीला मागून बँकर इंजिनं लावायला लागतात, आणि या ट्रेलचा सगळ्यात खडा भागसुद्धा साधारण ५७ ला १, तोही फक्त कंबरलंडच्या बाजूला. पिट्सबर्गकडून निघालात तर माथा गाठायला जवळजवळ २०० किमी मिळतात आणि तेवढ्यात उंची वाढते जेमतेम ५०० मीटर. बाबांना कळणारही नाही की आपण चढतोय, फक्त संध्याकाळी म्हणतील आज जरा पाय भरून आले.

म्हणून दिशा पिट्सबर्ग ते कंबरलंडच ठेवा. उलट जाणारेही खूप आहेत, पण मग पहिल्याच दिवशी सामान लादलेल्या सायकलवर ३८ किमी सलग चढ, साठीतल्या माणसाला पहिल्याच सकाळी कशाला? शिवाय तुम्ही व्हर्जिनियातून येणार तर गाडी कंबरलंडलाच ठेवा (बरेच दिवस गाडी कुठे ठेवता येईल ते आधी विचारून घ्या), संध्याकाळची अ‍ॅमट्रॅकची रेल्वे पकडून पिट्सबर्गला जा, ती मध्यरात्रीच्या सुमारास पोचवते, वेळ विचित्र आहे पण स्टेशनजवळ हॉटेलं आहेत, झोपा, सकाळी निघा आणि चार दिवसांनी उतरत उतरत आपल्याच गाडीपाशी या.

पहिले तीसएक किमी तुम्हाला वाटेल या माणसाने फसवलं. शहर, जुन्या स्टील मिलचा परिसर, बाजूला चालू रेल्वे लाईन, आणि खाली बहुतेक डांबर. मनाँगहीला नदी सोबत असते पण ती कामकरी नदी आहे, कोळशाचे बार्ज (सपाट मालवाहू बोटी) चाललेले असतात. मॅककीसपोर्ट सोडून बॉस्टन नावाचं छोटं गाव लागतं (ते मॅसॅच्युसेट्सवालं नव्हे), तिथून यॉकगेनी नदी सुरू, लोक नुसतं यॉक म्हणतात, आणि तिथून पुढे खरा ग्रॅव्हल. चुनखडीची बारीक कच टाकून रोलर फिरवलेला, इतका घट्ट की ३२-३५ एमएमचे टायर भरपूर झाले, सस्पेन्शन वगैरे काही लागत नाही. कोरडा असताना मागे पांढरी धूळ उडते आणि पाऊस पडला की तीच धूळ लापशी होऊन चेन, ब्रेक, पोटऱ्या सगळीकडे बसते, वाळल्यावर सिमेंटसारखी कडक. चेन ल्यूबची छोटी बाटली आणि एक फडकं हँडलबार बॅगेतच ठेवा, रोज संध्याकाळी पुसायचं.

बॉस्टन ते वेस्ट न्यूटनच्या मधे डावी-उजवीकडे लक्ष ठेवा, डोंगरातून झिरपणारं पाणी एके ठिकाणी दगडावरून उतरतं आणि तो अख्खा दगड गंजासारखा नारिंगी झालाय. जुन्या कोळसा खाणींमधलं लोहयुक्त पाणी आहे ते. खाणी कधीच बंद झाल्या, पाणी अजून येतंय. बघा, फोटो काढा, बाटली भरू नका.

मुक्काम मी असे करीन: पहिला वेस्ट न्यूटन (५८ किमी), दुसरा ओहायोपाइल (६८ किमी), तिसरा मायर्सडेल (६४ किमी), चौथ्या दिवशी कंबरलंड (५० किमीच्या आसपास). दुसरा दिवस लांब वाटतो पण कॉनेल्सव्हिल सोडलं की एकीकडे डोंगर, दुसरीकडे खाली नदी, वर झाडांचं छप्पर, आणि रस्ता म्हणून काही जवळपास नाहीच, तुम्ही जे मागताय ते नेमकं हेच. मोबाईलला रेंज नसते, घरी आधीच सांगून ठेवा नाहीतर पुण्याहून आईंचे पंधरा मिस्ड कॉल दिसतील. ओहायोपाइलला धबधबा आहे, उंच नाही पण रुंद आणि पाणी जोरात, त्याच्या खालून राफ्टिंग चालतं. आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइटचं प्रसिद्ध फॉलिंगवॉटर घरही जवळ आहे, पण तिथे जायचा रस्ता ट्रेल नाही, गाड्यांचा आणि खडा चढ आहे, बाबांना घेऊन सायकलवर जाऊ नका, आणि तिकीट आधी काढावं लागतं.

पुढे कॉन्फ्लुअन्सला यॉक, कॅसलमन आणि लॉरेल हिल क्रीक एकत्र येतात, त्रिवेणी संगमच म्हणा, आणि तिथून कॅसलमनचं खोरं सुरू. माझं आवडतं खोरं हे. यॉकवर रविवारी राफ्टवाले, पोराबाळांचे घोळके असतात, कॅसलमनच्या बाजूला अर्धा अर्धा तास माणूस दिसत नाही. मायर्सडेलच्या अलीकडे सॉल्सबरी व्हायाडक्ट लागतो, अर्ध्या किलोमीटरपेक्षा लांब जुना रेल्वे पूल, शंभर फूट उंच, खाली नदी, शेतं, हायवे, आणि नशीब असेल तर मालगाडी. वारा आडवा लागतो, मधोमध चालवा.

मायर्सडेलनंतर माथा, २,३९२ फूट, म्हणजे लोणावळ्यापेक्षा थोडासाच वर. इथे पाणी दोन दिशांना फुटतं, एका बाजूचं मेक्सिकोच्या आखातात आणि दुसऱ्या बाजूचं चेसापीक उपसागरात. लगेच पुढे बिग सॅवेज बोगदा, एक किलोमीटर. आत दिवे आहेत पण जुलैतसुद्धा तोंडाशी गार वाऱ्याचा झोत येतो, घामेजलेल्या अंगावर शहारा येतो, जॅकेट वरच ठेवा. हिवाळ्यात हा बोगदा दारं लावून बंद करतात, नाहीतर झिरपलेलं पाणी गोठून अस्तर फुटेल, म्हणून डिसेंबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतचा प्लॅन करूच नका. मे अखेर किंवा सप्टेंबर शेवट ते ऑक्टोबर मध्य बेस्ट. पुढचा बॉर्डन बोगदा लहान पण अंधारा, लाईट पाहिजेच. आणि फ्रॉस्टबर्गच्या खाली ब्रश बोगदा, तिथे पर्यटकांची आगगाडी आणि सायकली एकाच बोगद्यातून जातात! गाडी येत असेल तर बाहेर थांबायचं, जाऊ द्यायची, धूर विरला की मग आत शिरायचं. बाबांना हे सगळ्यात आवडेल असा माझा अंदाज.

खाण्याचं सांगतो. शाकाहारी असाल तर गावांमध्ये पिझ्झा, चीज सँडविच, फ्राईज, आईस्क्रीम, एवढ्यावर भागवायचं, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी काही ठिकाणं बंदच. दशम्या, खाकरा, चटणी, चिक्की घेऊन जा, वजन वाटत असलं तरी घ्या. कॅम्पिंग करणार असाल तर खाणं तंबूत ठेवायचं नाही, काळी अस्वलं आहेत, माणसाला घाबरतात पण चिक्कीला घाबरत नाहीत. खरा त्रास गोचिडींचा. गवतात बसू नका आणि रात्री पाय, गुडघ्यामागे, कमरेशी नीट तपासा, लाइम रोग इकडे आहे.

कोणीतरी कमेंटमध्ये सांगेलच की कंबरलंडहून पुढे सी अँड ओ कालव्याच्या काठाने थेट वॉशिंग्टनपर्यंत जा, अजून २९७ किमी, गाड्या तिथेही नाहीत. खरं आहे, आणि मोफत कॅम्पसाईट आहेत, ९५० मीटरचा पॉ पॉ बोगदा आहे. पण तो खेचरांनी बोटी ओढायचा जुना मातीचा रस्ता, काही भाग सुधारलाय तरी पाऊस झाला की चिखल, झाडांची मुळं, दिवसाचा वेग निम्म्यावर. चार दिवसांत दोन्ही कोंबलंत तर बाबा परत तुमच्याबरोबर यायचे नाहीत. पुढच्या वर्षी करा.

रेल्वेत सायकलीच्या जागा मोजक्या असतात, माणसाच्या तिकिटाबरोबर सायकलचंही रिझर्व्हेशन वेगळं करावं लागतं, ऑक्टोबरचे वीकएंड लवकर भरतात. नाहीच मिळालं तर कंबरलंडहून सायकलींसकट पिट्सबर्गला सोडणारे शटलवाले आहेत, पैसे जास्त पण दिवसाउजेडी पोचता.