सन्नाई-मारुयामाच्या मृण्मूर्ती

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त टोकियोत राहतो आणि येत्या मे महिन्यात मी व माझे यजमान त्याच्याकडे जाणार आहोत. जपानच्या उत्तरेला आओमोरी येथे सन्नाई-मारुयामा नावाची प्रागैतिहासिक वसाहत असून तेथे मोठ्या डोळ्यांच्या मातीच्या बाहुल्या सापडल्या, असे वाचनात आले. त्यासाठी इतक्या लांब जावे, की टोकियोतील संग्रहालय पाहणे पुरेसे आहे?
— एक वाचक भगिनी, जुळे सोलापूर

उत्तर : प्रथम एक गल्लत दूर करतो. फुगीर, मिटल्यासारख्या डोळ्यांची जी मृण्मूर्ती आपण चित्रात पाहिली असेल, ती सन्नाई-मारुयामाची नव्हे. ती त्याच प्रांतातील कामेगाओका येथे १८८७ साली मिळाली, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची आहे आणि आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या ताब्यात आहे. मात्र ती नेहमीच प्रदर्शनात नसते, त्यामुळे हे संग्रहालय असलेल्या उएनो भागात जाण्यापूर्वी मुलाला चौकशी करायला सांगावे.

सन्नाई-मारुयामा त्याहून बरेच जुने, म्हणजे सुमारे ५९०० ते ४२०० वर्षांपूर्वीचे आहे. तेथे दोन हजारांहून अधिक मृण्मूर्ती निघाल्या. पण त्या बहुतेक चपट्या, क्रूसासारखे हात पसरलेल्या आणि जवळजवळ सगळ्याच तुटलेल्या आहेत. सर्वांत प्रसिद्ध मूर्ती ३२ सेंटिमीटरांहून थोडी उंच असून तिचे डोके आणि धड एकमेकांपासून सुमारे ९० मीटर अंतरावर सापडले. मूर्ती मुद्दाम मोडत असत, असे काही अभ्यासक मानतात, तर इतरांना ते पटत नाही. यांतील पुष्कळ तुकडे ज्या ढिगाऱ्यांतून मिळाले, ते शेकडो वर्षे माती, खापरे आणि मोडक्या वस्तू टाकून वाढत गेलेले आहेत. त्यांना उकिरडा म्हणावे, तर त्यांत पाचूसारख्या हिरव्या जेड दगडाचे मणीही मिळतात. हा दगड दूर दक्षिणेकडील इतोइगावा परिसरातून आणलेला आहे. अशा एका ढिगाऱ्याचा कापलेला थर जागेवरच जतन केला असून, खापरांवर खापरे कशी रचली गेली हे तेथे उघड्या डोळ्यांनी दिसते. माझ्या मते एवढ्यासाठीच तेथे जावे, कारण काचेच्या कपाटातील मूर्ती हे सांगू शकत नाही.

ही वसाहत उजेडात आली तीही योगायोगाने. बेसबॉलच्या मैदानाच्या बांधकामापूर्वी १९९२ मध्ये उत्खनन सुरू झाले आणि १९९४ मध्ये बांधकाम थांबवण्यात आले. चेस्टनटच्या लाकडाचे, सुमारे एक मीटर जाडीचे सहा खांब जिथे उभे होते, त्यांचे खड्डे एकमेकांपासून नेमके ४.२ मीटरवर आहेत. त्या जागेजवळ उभारलेल्या प्रतिकृतीला छप्पर नाही, कारण मूळ वास्तूला ते होते की नाही यावर तज्ज्ञांचे एकमत झाले नाही. हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो.

आपल्याकडे गाव म्हटले की शिवार आणि ज्वारी आधी आठवते. येथे मात्र नांगर नव्हता, भातशेती नव्हती. मासे, शिकार आणि जोपासलेली चेस्टनटची झाडे यांच्या जोरावर लोक पिढ्यान्‌पिढ्या एकाच ठिकाणी राहिले आणि तरीही त्यांनी मातीची भांडी व मूर्ती घडवल्या. घोड नदीकाठच्या आपल्या इनामगावच्या उत्खननातही मातीची स्त्रीमूर्ती मिळाली आहे. पण ते शेतकऱ्यांचे गाव होते. हा फरक मनात ठेवून पाहिले, तर २०२१ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या जोमोन संस्कृतीच्या, म्हणजे जपानमधील याच प्रागैतिहासिक काळाच्या, सतरा स्थळांत याचा समावेश का झाला, ते उमगेल.

प्रवासाचे म्हणाल, तर टोकियोहून शिनकानसेन या अतिवेगवान रेल्वेने शिन-आओमोरीला सुमारे सव्वातीन तास लागतात आणि तेथून बस मिळते; सकाळी लवकर निघाल्यास त्याच दिवशी परत येता येते. मेच्या पहिल्या आठवड्यातील जपानी सुट्ट्या टाळाव्यात. अंगावर एखादा स्वेटर असू द्यावा, कारण सोलापूरच्या मे महिन्याशी तेथील हवेचा काहीही संबंध नाही. आणि निघण्यापूर्वी एक दिवस काढून जवळच्या तेरचे संग्रहालय पाहून यावे. तेथील सातवाहनकालीन मृण्मूर्ती निरखल्या, की मातीवर उमटलेला कारागिराचा हात कसा ओळखावा याची सवय होईल.