उपेक्षितांच्या इतिहासावरील परिषदेला गोषवारा पाठवायचा आहे. विषय कसा निवडावा?

आधी साधन, म्हणजे ज्यावर लिहायचं तो मूळ मजकूर, ठरवा, मग विषय. ‘दलित स्त्रियांचा इतिहास’ इतक्या रुंद विषयाचा गोषवारा बहुधा बाद होतो, कारण २५० शब्दांत त्यातलं काहीच नीट मांडता येत नाही. त्यापेक्षा मुक्ताबाई साळवे यांचा, १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त आलेला मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध घ्या. फुल्यांच्या शाळेतल्या या मुलीचं लेखन मिशनऱ्यांच्या नियतकालिकातून आपल्यापर्यंत पोचलं, म्हणून छापणाऱ्यांचा हेतूही तपासावा लागतो. इथे बरेच जण चुकतात आणि ‘आम्ही तिला आवाज मिळवून दिला’ असं लिहितात. आवाज तिचाच आहे, आणि विलक्षण धारदार आहे! गोषवाऱ्यात तुमचा प्रश्न पहिल्या दोन वाक्यांतच येऊ द्या. परिषदेत वाचनाला साधारण २० मिनिटं मिळतात, तेव्हा तुमचा शोधनिबंध २००० शब्दांच्या आत ठेवा.